चूक पाटीची

“काकू, याला डोकंच नाय!” अक्षयने लॅपटॉप स्टोअरच्या खिडकीत ठेवला. “धाकलूदादाने फक्त विचारलं, मोठ्या मोटरचं बेअरिंग आहे का. यानं चारही बेअरिंगं त्याच्या नावावर काढून टाकली. तीनदा ट्राय केलं, तिन्ही वेळा सेम लोचा.”

खिडकीपलीकडे यशोधराबाई बसल्या होत्या. अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या इंजिनिअरिंग कारखान्याचं स्टोअरमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती आणि शनिवारी त्या निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी माणूस येणार नव्हता, एआय एजंट येणार होता. कामगाराने मोबाइलवर मागायचं आणि एजंटने साठा बघायचा, माल राखून ठेवायचा किंवा काढायचा. अशी अकरा कामांची अकरा हत्यारं अक्षयने त्याला सॉफ्टवेअरमध्ये करून दिली होती. कुठलं कधी उचलायचं, हे तो प्रत्येकापुढे लिहिलेली माहिती वाचून ठरवायचा.

खुर्ची जाण्याचं यशोधराबाईंना फारसं दुःख नव्हतं, गुडघे कधीचे संपावर गेले होते. दुःख होतं भिंतीचं. तिच्यावर खुंट्यांना खरी हत्यारं टांगलेली होती आणि प्रत्येकाखाली जुन्या स्टोअरकीपर रामभाऊंच्या हातची पुठ्ठ्याची पाटी होती. सोमवारी रॅक बसणार होते. पाट्या भंगारात जाणार, हे साहेबांनी अगदी सहज सांगून टाकलं होतं.

“काय लिहिलंयस ते दाखव,” त्या म्हणाल्या.

अक्षयने दाखवलं. एकापुढे ‘माल बघतो’, दुसऱ्यापुढे ‘माल काढतो’.

“एवढंच?”

“नावावरून कळतं ना, काकू.”

“तुला कळतं, तू बनवलंयस. त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चूक त्याची नाही, पाटीची आहे.”

बोलून गेल्या आणि थबकल्या. हे वाक्य त्यांचं नव्हतंच.

नवरा गेल्यावर त्या इथे लागल्या, त्याच आठवड्यात एका फिटरने “तो घड्याळवाला पाना द्या” म्हणून मागितला. नट किती आवळला ते काट्यावर दाखवणारा, कारखान्यातला सगळ्यात नाजूक पाना. यशोधराबाईंनी मुकाट्याने दिला. त्या पठ्ठ्याने त्यावर पाइप चढवून गंजलेला नट सोडवला आणि काटा कायमचा वाकडा झाला. स्टोअरकीपर रामभाऊ तोंडाचे भलतेच फटकळ. आज बाईंची खैर नाही, असं सगळे धरूनच चालले होते. रामभाऊ साहेबांना म्हणाले, “चूक बाईंची नाही, पाटीची. आणि पाटी मी लिहिलीय.”

दुसऱ्या दिवशी नव्या पान्याखाली नवी पाटी लागली: ‘शेवटच्या आवळणीलाच द्यावा. नट सोडवायला मागितला तर देऊ नये. कोणी याला घड्याळ म्हणेल, कोणी मीटर, कॅम्पातली सिंधी माणसं कांटा म्हणतील. खात्री नसेल तर विचारावं, विचारण्यात कमीपणा नाही.’

“नवा माणूस लाजतो, बाई,” रामभाऊ म्हणाले होते. “दुसऱ्यांदा विचारत नाही, अंदाजाने उचलतो. त्याच्या मनातलं पाटीला आधी कळायला पाहिजे.”

रामभाऊंना जाऊन नऊ वर्षं झाली. बापाने केलं नसतं एवढं त्या माणसाने केलं, आणि हे त्यांना सांगायचं मात्र राहूनच गेलं.

“हाही नवाच की,” यशोधराबाई लॅपटॉपकडे बघत म्हणाल्या. “घे लिहून.”

जेवणाची सुट्टी त्यातच गेली. डबा उघडलाच नाही. त्या सांगत होत्या, अक्षय ‘माल काढतो’च्या जागी टाइप करत होता: ‘साठ्यातून माल कमी करून मागणाऱ्याच्या नावावर टाकतं. माणूस “द्या” किंवा “काढा” म्हणाला तरच वापरावं. “आहे का?” एवढंच विचारलं तर वापरू नये, नुसता साठा बघून सांगावा. किती नग हवेत हे कळल्याशिवाय काढू नये. खात्री नसेल तर विचारावं, विचारण्यात कमीपणा नाही.’

“काकू, हे शेवटचं पण टाकायचं?”

“ते तर टाकायचंच.”

धाकलूला परत बोलावलं. वांगणीकडचा हा जुना फिटर हात पुसत आला आणि मोबाइलमध्ये ओरडला, “मोठ्या मोटरीचं बेअरिंग लागंल बहुतेक!”

स्क्रीनवर अक्षरं उमटली: ‘चार नग आहेत. नुसतं बघायचंय, राखून ठेवू, की काढू? काढायचे तर किती?’

“आयला!” धाकलू हसला. “यो तं बायसारखाच इचारतोय!”

यशोधराबाईही हसल्या, मग उगाचच चष्मा पुसत बसल्या.

“इथे लिहिणाऱ्याचं नाव लागतं,” अक्षय शेवटच्या चौकटीवर बोट ठेवत म्हणाला. “तुमचं टाकतो.”

“थांब.” त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं: रामभाऊ, स्टोअर.

“हे कोण?”

यशोधराबाई उठल्या, घड्याळवाल्या पान्याखालची पाटी काढली, पदराने तिच्यावरची धूळ पुसली आणि पिशवीत डब्याशेजारी उभी ठेवली.

“बस खाली,” त्या अक्षयला म्हणाल्या. “अजून दहा राहिलीत.”