गवंडीकाकांना न पुरलेला बाक

मी एक जुना, ठेंगणा बाक आहे. सुताराने मला पहिलीच्या मुलांच्या मापाने घडवलं आणि बसायची फळी लिहायच्या फळीला पक्की जोडून टाकली. पुढे वीस वर्षं मुलांनी माझ्यावर शाई सांडली, कर्कटकाने रेघोट्या ओढल्या. मी कधी हूं की चूं केलं नाही.

मित्रांनो, एके वर्षी संध्याकाळी आमच्या वर्गात मोठी माणसं येऊ लागली. दिवसभर राबून, अक्षरओळख करून घ्यायला आलेली. माझ्या वाट्याला इस्त्रीवाल्या मावशी आणि एक धिप्पाड गवंडीकाका आले. काकांना बांधकामाचा नकाशा स्वतः वाचायचा होता. "मुकादम उठसूट अक्कल शिकवतो, बाई," ते शिकवणाऱ्या बाईंना म्हणाले. "एकदा नकाशा कळू दे, मग मीच मिस्त्री."

पण काकांचे गुडघे माझ्यात मावेनात. दोन दिवस ते तिरके बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी जोर करून पाय आत घातले आणि माझी फळी कडाडली. काका थेट जमिनीवर! सगळा वर्ग खो खो हसला. मावशी तर पोट धरून हसल्या. काकांनी उठून पँट झटकली, पाटी बाईंच्या टेबलावर ठेवली. "हे आपलं काम नव्हे," एवढंच बोलून ते गेले. मला दुसऱ्याच दिवशी खिळे ठोकले. त्यांना बोलवायला मात्र कोणी गेलं नाही.

मावशी शिकल्या. आधी औषधाची बाटली वाचू लागल्या, मग कपड्यांच्या चिठ्ठ्या. पुढे धुलाईच्या कारखान्यात दहा बायकांवर त्यांची देखरेख आली. मला केवढा अभिमान वाटे! पण शेजारची मोकळी जागा बोचायची.

काही वर्षांनी शाळेला नवी खोली झाली. सुट्टीत काकांनीच ती बांधली. मुकादम रजेवर होता, म्हणून दारावरची नावाची फरशीही त्यांनी एकट्यानेच बसवली. ओळंबा लावून, अगदी सरळ, पण उलटी! अक्षरांना जोडणारी रेघ त्यांना पाया वाटली आणि पाया तर खालीच असतो. शाळा उघडली तेव्हा पुन्हा तेच हसू. फरशी सुलटी करायला काकांना बोलावलं, तेव्हा मावशीही तिथे आल्या होत्या. या वेळी त्या हसल्या नाहीत.

"दादा, संध्याकाळी वर्गाला या. तुमच्यासाठी घरची खुर्ची आणते मी."

"तेव्हाच आणायची होतीत, ताई," काका म्हणाले. फरशी सुलटी करून त्यांनी थापी धुतली आणि मान खाली घालून निघून गेले.

मावशींनी खुर्ची आणली. ती महिनाभर माझ्या शेजारी रिकामी राहिली. मित्रांनो, माझी फळी मोडली याचं मला आजही वाईट वाटतं. उद्या तुमच्या घरातलं कोणी मोठं माणूस पाटी घेऊन बसलं, तर हसू नका. त्याला नीट बसता येतंय ना, तेवढं आधी बघा.