धाकटा राक्षस

मेहुण्याने राक्षसाच्या पाठीवरची चेन मानेपर्यंत ओढली, तिच्यावर रेक्झिनची पट्टी चिकटवली आणि गुडघे टेकून त्याच्या डाव्या घोट्याला दोरी बांधायला घेतली. तेवढ्यात मागून दिग्दर्शकाचा आवाज आला.

“दोरी नको.”

मेहुण्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गाठ आवळली.

“अहो, तुमच्याशीच बोलतोय. आज तालमीला राहू दे. पण शेवटच्या शॉटला मला दोरी नकोय. मागच्या सिनेमात काय शोभा झाली, विसरलात का?”

विसरण्यासारखं नव्हतंच ते. मागच्या सिनेमात अजस्र (राक्षसाचं पोस्टरवरचं नाव, शूटिंगच्या गोदामात त्याला सगळे ढब्बू म्हणत) पूल तोडायला निघाला आणि त्याच्या पायातली दोरी पडद्यावर लख्ख दिसली. प्रेक्षकांनी आधी “दोरी! दोरी!” म्हणून शिट्ट्या मारल्या आणि मग मित्रांना दोरी दाखवायला पुन्हा तिकीट काढून आले. सिनेमा त्या दोरीवरच चालला. दिग्दर्शकाच्या मात्र ते फार जिव्हारी लागलं होतं.

“पण दोरीशिवाय त्यांना कळणार कसं, कधी थांबायचं, कधी वळायचं?” मेहुणा म्हणाला. “आत फोमचे दोन थर आहेत. तोफ डागली तरी ऐकू जात नाही.”

“म्हणून तर भोंगा आणलाय. तुम्ही कानांशी दोन भोकं पाडा. मी ‘मागे’ म्हटलं की त्यांनी मागे यायचं, मग मनोऱ्यात सुरुंगाची दारू उडेल. सोपं आहे.”

फोमच्या आत उभे असलेले भाऊजी यातलं काही ऐकत नव्हते. ते शेपटी डावीकडे-उजवीकडे हलवून बघत होते, कारण ती काल सेटवरच्या एका खेळण्यातल्या बसगाडीत अडकली होती.

मेहुण्याचा मूळ धंदा सोफे शिवायचा. ढब्बूही त्यानेच शिवला होता, स्वतःच्या अंगावर घालून पाहिला होता, आणि आत सगळं व्यवस्थित ऐकू येतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तोफेची गोष्ट त्याने स्वतःच रचली होती आणि इतक्या वेळा सांगितली होती, की गोदामात ती सगळ्यांना पाठ झाली होती. भाऊजींचे कान गेले होते. तोंडासमोर उभं राहून, उजेडात बोललं तर ओठांवरून त्यांना बरंचसं समजायचं. पाठीमागून बोललं तर काही नाही. राक्षसाच्या कातड्यात सगळेच बहिरे असतात, अशी एकदा लोकांची खात्री पटवली की आतला माणूस खरोखर बहिरा आहे का, हे कोणी विचारत नाही.

आणि हे कोणालाही सांगायचं नाही, अशी भाऊजींनी त्याला शपथ घातली होती. कोणालाही म्हणजे मुख्यतः ताईला.

“तुझ्या वडिलांचे कान गेले तेव्हा आठवतंय ना?” ते म्हणाले होते. “सगळं तरुणपण तिने त्यांच्या कानाशी ओरडण्यात घालवलं. लग्न झालं तेव्हा मला म्हणाली, आता निदान हळू आवाजात बोलता येईल. तिला परत ओरडायला लावू का मी?”

मेहुणा गप्प बसला आणि तेव्हापासून गप्पच होता.

दुपारी तो भाऊजींचा डबा आणायला ताईकडे गेला. ताई डबा भरत होती. झाकण तिने असं दाबून बसवलं, जणू डब्याचीच काही चूक असावी.

“यांचा सिनेमा संपू दे,” ती म्हणाली. “मग मी लेकीकडे जाणार. राहायलाच.”

“म्हणजे? किती दिवस?”

“राहायलाच म्हटलं ना. तिने खोली रिकामी केलीय माझ्यासाठी.”

“भाऊजींना सांगितलंस?”

“सांगितलं की. म्हटलं, मी आता लेकीकडेच राहीन म्हणते. तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, ‘बरं, बघू.’” ताईने फडकं ओट्यावर आपटलं. “बायको घर सोडून जाते म्हणते, आणि माणूस म्हणतो बघू! मी काय शेजारीण आहे? मी काहीही बोलले तरी तेच. हं. बरं. बघू. भिंतीशी बोलावं तर निदान आपला आवाज तरी परत येतो.”

“तू कुठे उभी होतीस?”

“कुठे म्हणजे?”

“हे बोललीस तेव्हा.”

“इथेच. भांडी घासत होते. त्याचा काय संबंध?”

मेहुण्याने मान हलवली. काही संबंध नाही, असं त्याला म्हणायचं होतं, पण ते खोटं त्याच्या तोंडातून निघेना. ताईने डबा त्याच्या हातात दिला आणि पाठ फिरवून नळ सोडला. त्या घरात बहुतेक बोलणं असंच व्हायचं, पाठमोरं, काम करता करता, सगळ्या घरांत होतं तसं.

गोदामात परत येईपर्यंत त्याच्या डोक्याचा भुगा झाला होता. शपथ मोडावी, तर भाऊजी पुन्हा तोंड बघणार नाहीत. दिग्दर्शकाला सांगावं, तर गोष्ट गावभर होणार आणि काम जाणार. गप्प बसावं, तर भोंग्यातला ‘मागे’ ऐकू न आल्यामुळे भाऊजी पेटत्या मनोऱ्याशी उभे राहणार, आणि फोम कसा पेट घेतो हे सोफेवाल्याला कोणी सांगायला नको. गोदामाच्या कोपऱ्यात उरलेल्या फोमचा ढीग त्याला दिसत होता. त्याकडे बघता बघता त्याला जे सुचलं ते तसं वेडगळच होतं. पण ढब्बूच्या सिनेमात शहाणपणाचं असं तरी काय होतं?

“राक्षसाला धाकटा भाऊ असला तर?” त्याने दिग्दर्शकाला विचारलं.

“कशाला?”

“दोन राक्षस दिसतील. पोस्टरवर बरं दिसतं.”

“आणि खर्च?”

“काही नाही. फोम माझ्याकडे पडलाय. आत मीच शिरतो.”

दिग्दर्शकाच्या डोळ्यांत चमक आली, पण तो अगदीच भोळा नव्हता. “गोष्टीत तो येतो कुठून?”

“मोठा कुठून आला ते तरी आपण कुठे सांगितलंय?”

एवढ्यावर धाकट्याचा जन्म झाला. मोठा हिरवा होता. धाकट्यासाठी हिरवं रेक्झिन पुरलं नाही, म्हणून त्याचं पोट सोफ्याच्या तपकिरी कापडाचं निघालं. त्याचे डोळे थोडे तिरळे लागले. शिवून झाल्यावर भाऊजींनी त्याला सगळीकडून निरखलं.

“हा माझा भाऊ?”

“मेहुणाही चालेल,” मेहुणा त्यांच्या समोर येऊन म्हणाला. “मी तुमचा पंजा धरून चालणार. जोरात ओढला की मागे यायचं.”

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी तिरळ्या डोळ्यांच्या त्या मुंडक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

शेवटच्या शॉटसाठी गोदामात आख्खं शहर मांडलं होतं. पुठ्ठ्याच्या इमारती, रंगीत कागदाच्या खिडक्या, आत पेटवलेले दिवे, रस्त्यात खेळण्यातल्या मोटारी. एका गच्चीवर कोणीतरी वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी बांधली होती. चादरी रुमालाच्या होत्या. शहर एकच होतं आणि पुन्हा उभारायची ऐपत नव्हती, त्यामुळे जे होईल ते एकदाच. छताला टांगलेल्या चाळणीतून एक माणूस धूळ म्हणून सिमेंट सोडत होता आणि स्वतःच शिंकत होता.

दिग्दर्शकाने भोंग्यातून “चला!” म्हटलं. धाकट्याने मोठ्याचा पंजा ओढला आणि दोघे शहरात शिरले.

मेहुण्याला आतून फारसं दिसत नव्हतं. मानेतल्या फटीतून थोडा धूर, थोडी खिडकी, भाऊजींचं हिरवं कोपर. पण भाऊजी काय चालत होते! या माणसाला गुडघे त्रास देतात, हे कोणाला खरं वाटलं नसतं. एकेक पाऊल ते असं टाकत, जणू जमीन मऊ आहे आणि आपण कोणाच्या तरी अंगावर पाय देतोय हे राक्षसाला नुकतंच समजलंय. बाजारपेठ गेली. पूल गेला. कपड्यांच्या गच्चीपाशी मोठा थांबला, खाली वाकून बघितलं, आणि त्या चादरी न पाडता पुढे गेला. असं कोणी सांगितलं नव्हतं.

मनोरा अजून लांब होता, मोठा त्याच्याकडे पाठ करून एका इमारतीत डोकावत होता, आणि मनोऱ्यातली दारू उडवणाऱ्याची घाई झाली.

धडाम्‌ असा आवाज झाला, की गोदामाचे पत्रे थरथरले. मेहुणा फोमच्या आत जागच्या जागी उडाला आणि पडता पडता वाचला. दिग्दर्शकाच्या हातून भोंगा पडला. चाळणीवाला चाळणीसकट खाली आला. एकटे भाऊजी शांतपणे उभे होते, पाठीमागे जाळ, आणि समोरच्या इमारतीच्या खिडकीत बघत होते. मेहुण्याने दोन्ही पंजांनी त्यांचा पंजा धरून ओढला. तेव्हा कुठे ते वळले, जाळाकडे पाहिलं, आणि धाकट्याच्या मागोमाग मुकाट्याने बाहेर आले.

आता सगळं बाहेर येणार, असं वाटून मेहुण्याने डोळे मिटून घेतले.

“काय अभिनय!” दिग्दर्शक ओरडत होता. “जगाची राख होतेय आणि याला पर्वा नाही! ठेवा, असंच ठेवा!”

ठेवण्यावाचून गत्यंतरही नव्हतं. शहर उरलं नव्हतं.

सिनेमा लागला तेव्हा ताईची बॅग भरून दाराशी उभी होती. भाऊजींना ती दिसत होती; ते तिला वळसा घालून जात-येत होते आणि काही विचारत नव्हते. मेहुण्याने ताईला गळ घातली, जाण्याआधी एवढा सिनेमा बघ. तिने आजवर नवऱ्याचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. अंगावर रेक्झिन घालून पुठ्ठे तुडवायचे, त्यात बघायचं काय, असं ती म्हणे.

दुपारच्या खेळाला थिएटर पोरांनी भरलेलं होतं. ताई भाऊजी आणि मेहुणा यांच्या मधे बसली. धाकटा पडद्यावर आला तेव्हा त्याच्या तपकिरी पोटाला टाळ्या पडल्या. तो मोठ्याला पंजा धरून नेत होता, वळायचं तिथे ओढत होता, थांबायचं तिथे ओढत होता. मागून एक बाई कौतुकाने म्हणाली, “बघा, कसा सांभाळतोय मोठ्याला.” कपड्यांच्या गच्चीपाशी सगळं थिएटर गप्प झालं. ताईही जरा पुढे सरकली, आणि मेहुण्याला उगीचच अभिमान वाटला.

मग धडाम्‌.

थिएटरमधली पोरं किंचाळली. पुढच्या रांगेतलं तान्हं रडायला लागलं. ताईने दचकून छातीवर हात ठेवला. पडद्यावर धाकटा उडाला होता. मोठा तसाच उभा होता. लोक हसले, शिट्ट्या वाजल्या. ताई हसत भाऊजींकडे वळली.

भाऊजी शेंगा सोलत होते. त्यांनी एक शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले, पुढची घेतली. रडणारं मूल त्यांच्या समोरच होतं.

ताईने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तिथे धाकटा दोन्ही पंजांनी ओढत होता. मग तिने मान वळवून भावाकडे पाहिलं. मेहुण्याने पडद्यावरची नजर हलवली नाही. उरलेला सिनेमा ताईने पाहिला नाही. ती नवऱ्याच्या कानाकडे बघत बसली होती.

बाहेर ऊन होतं. गर्दीत भाऊजी पुढे निघून गेले. त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. मुंडकं नसलं की ते कोणीच नसत. ताई त्यांच्या मागे दोन हात अंतरावर चालत होती.

“अहो,” ती म्हणाली.

भाऊजी चालत राहिले.

“अहो, मला वाटलं तुम्हाला माझा कंटाळा आला.”

नेहमीच्या, हळू आवाजात म्हणाली ती. मेहुण्याला शब्द न्‌ शब्द ऐकू आला. भाऊजी पुढे सायकली लावल्या होत्या तिकडे वळत होते.

ताईने ओरडायला तोंड उघडलं. ते तोंड मेहुण्याच्या ओळखीचं होतं; लहानपणी त्याने ते रोज पाहिलं होतं, वडिलांच्या खाटेशी. पण ताई ओरडली नाही. ती भराभर चालत पुढे गेली, नवऱ्याला मागे टाकलं, त्याच्या समोर उन्हात उभी राहिली आणि तितक्याच हळू आवाजात तेच पुन्हा म्हणाली.

भाऊजींनी तिच्या ओठांकडे पाहिलं. सवयीने मान हलवून ते “हं” म्हणाले. ताई हलली नाही. मग त्यांनी तिच्या खांद्यावरून मेहुण्याकडे पाहिलं, आणि मेहुण्याने नकारार्थी मान हलवली. मी नाही सांगितलं.

ते तिघे भर वाटेत उभे होते. लोक वळसा घालून जात होते.

“ऐकू आलं नाही मला,” भाऊजी शेवटी म्हणाले. “परत सांग.”

ताईने परत सांगितलं.