दुसरी पकड

चौकशीच्या खोलीत तीन माणसं होती आणि एक कुरकुरणारा पंखा. मला फक्त पंखा ऐकू येत होता.

दाबाच्या टाक्या तपासणं हे माझं काम. टाकीत पाणी भरून नेहमीच्या दीडपट दाब चढवायचा. तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडू नये म्हणून त्यावर लोखंडी पकड आवळतात. चाचणी संपली की ती काढायची. विसरलात तर व्हॉल्व्ह नुसता शोभेला! म्हणून माझा नियम असा, की पकड हातात आल्याशिवाय सही नाही. लोक हसायचे, मी खेकसायचो.

त्या कारखान्यातली टाकी चालवायचा माझा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा. घरी मी दादा, तिथं साहेब. यंदाच्या चाचणीनंतरही त्याने पकड माझ्या तळहातावर ठेवली.

"घ्या साहेब, तुमचं खेळणं."

मी सही केली.

यंदा वाफ वाढवली म्हणून मागच्या बाजूला दुसरा व्हॉल्व्ह बसवला होता. म्हणजे पकडीही दोन. पण त्या टाकीपाशी बावीस वर्षं मी एकच पकड घेत आलो होतो. गुडघा दुखत होता, शिडी चढलो नाही. दुसरी पकड तशीच राहिली; त्याच्याही ध्यानात आलं नाही. आठवड्याने, जेवणाच्या सुट्टीत दाब भलताच चढला. एकटा व्हॉल्व्ह पुरा पडला नाही. टाकी फुटली आणि मेहुणा गेला.

"तुमच्या दाखल्यात दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे आहेत," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे पकड नंतर ऑपरेटरनेच आवळली. वाफ फुसफुसू नये म्हणून करतात असं. बरोबर?"

नुसतं "हो" म्हटलं की मी सुटत होतो. खापर मेलेल्याच्या माथी. सकाळीच बहिणीने विचारलं होतं, "दादा, त्यांनी असलं काही केलं नाही ना रे?" मी चपला घालून निघालो होतो.

"नाही," मी म्हणालो. "मी न बघता लिहिलं."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि माझं ओळखपत्र मागितलं. देऊन टाकलं.

संध्याकाळी बहिणीला सगळं सांगितलं. मला रडू येईल असं वाटलं होतं. कसलं काय, डोळे कोरडे ठणठणीत! ती धुतलेली भांडी पुसत होती. एकच ताट कितीतरी वेळ पुसत राहिली.

"ते डबा खायला टाकीशेजारीच बसायचे," ती म्हणाली. "मी ओरडायचे. तर म्हणायचे, अगं, दादाची सही आहे तिच्यावर."