लाल रेघा

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीवर धुरपता आणि तिचा नवरा तेजराम छत्तीसगढातून कामाला आले, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. धुरपता दिवसभर उन्हात दगड निवडी. हात काळे, कपाळ काळं, लुगडंही काळं. पण लेकीच्या डोक्यावर दगडांची टोपली येऊ द्यायची नाही, हा तिचा हट्ट. गुलाब शिकणार, पहिली येणार, हे ती नळावरच्या बायांना रोज ऐकवी आणि गुलाबला तर उठता-बसता.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. धसक्यानं पोरीची झोप उडाली. रात्रभर ती कौलं मोजी आणि दिवसा चौथीच्या वर्गात तिचे डोळे मिटत. मग फळ्यावरची अक्षरं हलकेच सुटत, खिडकीतून निघत आणि आंबागडच्या डोंगरावर धुकं होऊन बसत. गुलाबही त्यांच्यामागे जाई. तिथं तिच्या बोलीला कुणी हसत नसे. वर्गाच्या उषाबाईंनी हाक मारली की ती दचकून परते, उत्तर मात्र डोंगरावरच राही.

सहामाहीत चार विषय गेले. बाईंनी चारही आकड्यांखाली लाल रेघा ओढल्या. प्रगतीपुस्तक घरी आलं आणि धुरपताचे डोळे लकाकले. बाकी सारं निळं, आणि लेकीच्या आकड्यांखाली तेवढं लाल! लाल म्हणजे शुभ, हे काय शाळेत जाऊन शिकावं लागतं? तिनं तेजरामचा अंगठा उमटवून घेतला, पुस्तक देवापुढं ठेवलं, हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या. शेजारणींना तिनं ते लांबूनच दाखवलं, हात लावू दिला नाही.

आता गुलाबला जेवणही जाईना. शाळेत पुस्तक परत मागितलं की ती विसरले म्हणे.

पंधरा दिवसांनी उषाबाई स्वतःच चाळीत आल्या, चांगल्या रागावून. धुरपतानं लगबगीनं पाट मांडला आणि पुस्तक कपाळाला लावून त्यांच्या हाती दिलं.

"पाहा बाई, कसं लाल-लाल आलं. आमच्या पोरीले तुमीच घडवलं."

बाईंनी पुस्तक उघडलं. रेघांवर तांदूळ चिकटले होते. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. त्या काहीतरी गोड खोटं बोलणार, हे गुलाबला कळलं. ती सुटली असती. पण आईचा तो फुललेला चेहरा तिला सोसवेना.

"लाल म्हणजे नापास," ती आईला म्हणाली. "मी चार विषयात नापास झाली."

आता उद्यापासून टोपली, असं गुलाबला वाटलं.

"अतेक दिन ले तैं अकेल्ला डर्रात रेहे?" धुरपतानं विचारलं.

बोली परकी, पण बाईंना शब्दन् शब्द कळला: इतके दिवस पोर एकटीच भीत राहिली होती. गुलाबनं मान हलवली. धुरपतानं तिला जवळ ओढलं, डोकं मांडीवर घेतलं आणि ती केसांतून हात फिरवू लागली. धुरपताला रडू आवरत नव्हतं. बाई उठल्या नाहीत. संध्याकाळी पोरीची शिकवणी आपण घेऊ, असं त्या हळू आवाजात सांगू लागल्या. गुलाबला ते सगळं ऐकायचं होतं, पण पहिल्याच वाक्याला तिचा डोळा लागला.