फॉर्मात नसलेलं नातं

निखिल ती ओळ टाइप करणारच नव्हता. बोटं कीबोर्डवर तशीच थांबली होती. फॉर्मात नातेवाइकांचे रकाने चारच: आई, बाप, काका, मामा. घरचौकशी करणाऱ्या पियूषच्या रिपोर्टात चौघांपुढंही 'नाही'. म्हणजे आज सही झाली, की सहा वर्षांची खुशबू दत्तक जायला मोकळी. कुठं, कोणत्या राज्यात, कोण जाणे.

"लिही ना बाबू," बाल कल्याण समितीच्या अध्यक्ष कलावती मंडावी म्हणाल्या. "लहानू. नातं, एका देवाचा."

"मॅडम, असा रकानाच नाही. वरून फाइल वापस येईन."

"येऊ दे. मी सोता घेऊन जाईन."

पंधरा दिवसांपूर्वी याच बाई खुर्ची सोडून खुशबूसमोर फरशीवर बसल्या होत्या. स्टेशनवर सापडल्यापासून तिच्याशी गोंडीत बोलणारं पहिलं माणूस. आईबापाचं काही विचारलं नाही. घरचे देव किती, एवढंच विचारलं. पोरीनं लगेच चार बोटं वर केली. गोंडांत ज्यांच्या देवांचा आकडा सारखा, ते सारे 'एका देवाचे', म्हणजे भाऊबंद. मग कुळ निघालं, गाव निघालं. बाई स्वतः मोहला तालुक्यात जाऊन त्याच कुळातल्या लहानूचं घर पाहून आल्या, शाळा किती लांब तेही पाहून आल्या.

आज म्हातारा लहानू बायकोला घेऊन दुर्गला आला होता.

"पण तुम्ही तिचे सख्खे कोणी नाही," समितीतले एक रिटायर्ड साहेब म्हणाले.

"सख्खं कायले पाहिजे, साहेब? आमच्याच देवाची पोर हाय." लहानूचा आवाज चढला नाही. "आमी जिते असून तिले बेवारस कोन म्हनलं?"

भिंतीशी उभा पियूष खाली पाहू लागला.

लहानूच्या बायकोनं पोरीला हळूच काहीतरी विचारलं. खुशबूनं मान हलवली, आणि जरा सरकून तिच्या शेजारी बसली.

निखिलनं मामाच्या खाली एक नवी ओळ काढली. साहेबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि सही केली. चार वर्षं निखिल इथं टाइप करत आला होता. आज पहिल्यांदा वाटलं, सेक्टर दहाला घरी गेल्यावर आईला सांगावं, मी काय टाइप केलं.

खाली टपरीवर पियूषचा चहा तसाच थंड होत होता.

"अबे, खुश हो ना. पोरगी घरी चालली," निखिल म्हणाला.

"बालगृहात अजून तिघं हायेत तिकडचे. रिपोर्ट माझेच. तिघांच्याही पुढं 'कोणी नाही' लिहून बसलो."

"कावून? विचारलं नाही?"

"आईबाप विचारले ना बे. देव विचाराचे असतात, मले काय माहीत?"

 निखिलनं पियूषच्या हातातला कप काढून घेतला.

"इतवारी गाडी काढ. मी येतो संगं, तिघांच्याही गावाले. पन पहिले वर चल. काय विचाराचं, ते बाईपासून शिकून घेऊ."