खिडकीच्या पट्टीवरची तिसरी खाच

टेकडीवरच्या त्या जुन्या टेहळणी बुरुजात शिरताच मुताचा असा भपकारा आला, की मी रुमाल नाकाला लावला. पायऱ्यांवर रिकाम्या बाटल्या, केळीची सालं, भिंतीला चिकटवलेलं च्युइंगम. आणि इथे येणारे सगळे म्हणे निसर्गप्रेमी. मला शिसारी आली.

बाबांना मात्र वर जायचंच होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी या बुरुजावरून जंगलातल्या वणव्यांवर नजर ठेवली. आता त्यांना उजेड-अंधार एवढंच कळतं, गुडघेही कुरकुरतात. "एकदा माझ्या खाचांवरून हात फिरवतो, मग परत नाव काढणार नाही," असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं.

दादा त्यांचा हात धरून पुढे चढत होता आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. भिंतीवर कोरलेली नावं तो मोठ्याने वाचून दाखवायचा. "हा बघा आणखी एक दिवटा. याच्या बापाची भिंत आहे का? अशांना इथेच बांधून ठेवलं पाहिजे." बाबा नुसते हसत होते.

माथ्यावरच्या खोलीत खिडकीखाली जाड लाकडी पट्टी आहे. तिच्यावर बाबांनी चाकूने खाचा केल्या होत्या, खालच्या एकेका ठिकाणाच्या दिशेला एक. खोलीतल्या खांबाला पाठ लावून उभं राहायचं आणि धूर ज्या खाचेवर दिसेल तिचं नाव फोनवर खाली कळवायचं. तिसरी खाच आमच्या घराची. मी तान्ही आणि दादा चार वर्षांचा असताना धूर त्या खाचेवर दिसला. बाबांनी वेळेत कळवलं म्हणून आई आम्हा दोघांना घेऊन बाहेर पडली. घर गेलं, आम्ही वाचलो.

आता त्या पट्टीवर नावांची नुसती बजबजपुरी होती. बाबांची बोटं चाचपडत सरकली. "ही खाणीची. ही ओढ्याची. आणि ही..." बोट थांबलं. "इथे कुणीतरी फार खोल कोरलंय. खाच हाताला लागत नाही. काय लिहिलंय रे?"

दादा वाकला आणि लगेच सरळ झाला.

"काही नाही बाबा. असेल कोणीतरी मूर्ख."

"वाच की. बाकीची सगळी वाचलीस."

मी वाकून पाहिलं. दादाचं नाव, बदाम, वहिनीचं नाव. लग्नाआधी दोघं इथे फिरायला यायची. अक्षर त्याचंच होतं, आणि खाच बरोबर बदामाच्या पोटात गेली होती. त्यापुढे खालची दुर्गंधी मला परवडली. दादा डोळ्यांनी मला विनवत होता. मी दोन्ही नावं स्पष्ट वाचली.

बाबांनी बोट शर्टाला पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

"चला, उतरू या," ते म्हणाले.

दादाने सवयीने हात पुढे केला. बाबांनी तो चाचपून ओळखला, हलकेच बाजूला सारला आणि माझा खांदा धरला.