घड्याळजींचे हात आणि चुकीची लेन्स

मित्रांनो, माझ्या मुठीवरचे रबर सुटले आहे आणि बटणांवरची अक्षरे पुसट झाली आहेत. असा मी एक जुना कॅमेरा आहे. लेन्स बदलता येणारा, पण त्या जातीतला सगळ्यात साधा. लोक मला 'शिकाऊंचा कॅमेरा' म्हणून नाक मुरडतात. मुरडू देत. माझा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे आणि आज मी तो गिळणार नाही.

कारखान्यात माझ्या पोटातला आरसा केसभर तिरका बसला, तेव्हा एका कामगार बाईंनी मला दोनदा खोलून पुन्हा जोडले. एवढ्या निगुतीने घडलेला मी दुकानाच्या काचेआड येऊन बसलो.

तिथे एक ताई आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांचे वडील, अण्णा, घड्याळजी होते. चावीची जुनी घड्याळे दुरुस्त करणारे त्या भागात ते एकटेच उरले होते आणि आता त्यांचे हात जरासे थरथरू लागले होते. हात पुरते जाण्याआधी घड्याळ कसे खोलायचे, कसे जोडायचे, याची एकेक पायरी ताईंना फोटोत धरून ठेवायची होती. त्यांनी तीन कॅमेरे हातात घेऊन पाहिले आणि मला निवडले, कारण माझी मूठ त्यांच्या लहानशा हातात नीट बसली. निवड अगदी योग्य होती.

पण सोबत मामेभाऊ होते. कधी कॅमेरा हाताळला नसला तरी सर्वज्ञ! साधी लेन्स कुचकामी, लांबचे जवळ आणणारी मोठीच घे, असा त्यांनी धोशा लावला. दुकानदाराने तरी विचारावे, फोटो कशाचे काढणार म्हणून? छे! त्याने ती वीतभर लेन्स माझ्या तोंडावर बसवली आणि तो मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी जिन्याखालच्या आपल्या टेबलावर पांढरे कापड अंथरले, डोळ्याला भिंग लावले आणि एक मनगटी घड्याळ उघडले. त्या लेन्सला दीड मीटरच्या आतले काही स्पष्ट दिसतच नव्हते. ताई मागे सरकत गेल्या, तर मीटरभरातच पाठ भिंतीला टेकली. नजर जुळवायला मी नुसता घरघरत राहिलो. फोटोत अण्णांचे हात म्हणजे दोन धुरकट गोळे.

मामेभावांनी फोटो पाहून निकाल दिला, "कॅमेराच भिकार निघाला."

आणि ताईंना ते पटले! त्यांनी मला कपाटात चादरींखाली ठेवून दिले. तिथे वर्ष गेले. दमट हवेने माझे रबर सुटले, पण माझे सोडा. त्या वर्षात अण्णांचे हात गेले. चिमट्यातून स्क्रू निसटून पडायचे, ते मला कपाटात ऐकू यायचे. एका सकाळी त्यांनी अवजारांची पेटी बंद केली. ती मग उघडल्याचे मी ऐकले नाही.

शेवटी ताई मला विकायला एका फोटो स्टुडिओवालीकडे घेऊन गेल्या. तिने मला उलटसुलट करून पाहिले आणि तो साधा प्रश्न विचारला, फोटो कशाचे काढायचे होते?

ताईंनी सगळे सांगितले. ती म्हणाली, "कॅमेरा ठणठणीत आहे, ताई. जवळचं टिपणारी लेन्स हवी होती तुम्हाला."

"आता काय उपयोग? हात थरथरतात त्यांचे."

"तुमचे नाही ना थरथरत?"

तिने मोठी लेन्स ठेवून घेतली आणि बदल्यात जवळचे टिपणारी एक वापरलेली लेन्स दिली. मला स्थिर धरणारी तिपाईही दिली.

अण्णा आधी तयारच होईनात. मग ताईंनी स्वतःच पेटी उघडली आणि चिमटा उचलला. तो त्यांना धरता येईना.

"असा नाही गं. पेन्सिल धरतेस तसा," अण्णांना राहवले नाही. ते खुर्ची ओढून बसले.

चार आठवडे, रोज शाळा सुटल्यावर, अण्णा सांगत गेले आणि ताई करत गेल्या. मी एकशे बारा फोटो काढले. तिळाहून बारीक स्क्रूची खाचसुद्धा त्यांत मोजून घ्यावी. घड्याळ चालू झाले तेव्हा अण्णांनी ते कितीतरी वेळ कानाशी धरले होते.

आता मामेभाऊ ते फोटो सगळ्यांना दाखवतात आणि म्हणतात, कॅमेरा मीच निवडून दिला होता! मित्रांनो, माझा जीव जळतो. त्या एकशे बारा फोटोंत हात ताईंचे आहेत. अण्णांचे फक्त एक बोट कडेला दिसते, तेही हललेले. पन्नास वर्षे मुरलेले ते हात एकाही फोटोत नाहीत, आणि मी तर घरातच होतो, धडधाकट!

म्हणून सांगतो, कॅमेरा घ्यायला जाल तेव्हा कशाचे फोटो काढायचे आहेत, हे आधी ठरवा. लेन्स त्यानंतर. आणि फोटो बिघडला तर मला कपाटात कोंबण्याआधी कुणा जाणत्याला दाखवा. कपाटात मी वर्षभर कळ काढू शकतो. ज्यांचे फोटो काढायचे असतात, त्यांच्याकडे तेवढा वेळ असेलच असे नाही.